आधी अवयव, मग काटाकाट

क्ष² − ५क्ष + ६ भागिले क्ष² − ९ मध्ये वरखालचे क्ष² सरळ का उडवायचे नाहीत, असं एकाने विचारलंय. इंदूरला आमच्या ओट्यावर बसून भाचाही काल अगदी हेच करत होता. म्हटलं, क्ष = १ ठेवून बघ. मूळ अपूर्णांक −१/४ येतो, क्ष² उडवून उरलेला तुझा (−५क्ष + ६)/(−९) मात्र −१/९. गप्पच झाला!

बेरीज-वजाबाकीतलं पद उडत नाही, गुणाकारातला अवयव उडतो. (शाळेत हिंदीतून ‘गुणनखंड’ शिकलेला, ‘अवयव पाड’ म्हटल्यावर विचारतो, "मावशी, कोणाचे?") अंश (क्ष − २)(क्ष − ३), छेद (क्ष + ३)(क्ष − ३), उरतं (क्ष − २)/(क्ष + ३). शेजारी क्ष ≠ ३ लिहाच, तिथे मूळ छेद शून्य होतो आणि उत्तरात ते दिसतही नाही. −३ चं निदान दिसतं तरी.