पोर्टेजची धास्ती नको

पोर्टेज म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू (हलकी, निमुळती वल्ह्यांची होडी) खांद्यावर घेऊन चालणं. 14-15 वर्षांच्या मुलींना ते झेपेल का, असा प्रश्न पडतो. झेपतं की! आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या बाउंड्री वॉटर्स या तळ्यांनी भरलेल्या जंगलात पाच जणींना घेऊन गेलो होतो. तिथे दोन तळ्यांमधली पायवाट रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास कनूएवढाच. केव्हलार या हलक्या, मजबूत धाग्याची कनू 20 किलोच्या आसपास भरते. माझी लेक उलट्या कनूखालून ओरडत होती, "आई, मला फक्त तुझे बूट दिसतायत!"

गटात जास्तीत जास्त 9 जण. पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या चालत नाहीत, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या बरणीत. वासाने अस्वलं येतात, म्हणून टूथपेस्टसुद्धा खाण्याबरोबरच बंद ठेवायची. आमची एक कन्या लिपबाम खिशात घेऊनच तंबूत झोपली. ती घोरत होती, मी जागी.