पातेल्यात शिजवलेल्या पाचामांकेला पाचामांका म्हणावं का?

वालपापडी:
गेल्या रविवारी एडिसनहून पॅटरसनला गेलो, खास पाचामांका, म्हणजे पेरूतलं जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजवलेलं जेवण, खायला. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये पेरूची इतकी माणसं आहेत की एका भागाला लिटल लिमाच म्हणतात. ताटात डुकराचं मांस, कोंबडी, बटाटा, रताळं, मक्याची उमिता (सालात बांधून शिजवलेला मक्याचा कीस), सगळं होतं. चवीला चांगलंच होतं. विचारल्यावर मालकीणबाईंनी सांगितलं, "पातेल्यातली आहे." मेनूत मात्र नुसतं 'पाचामांका'.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: मग तिला ते नाव देऊ नये. पेरूतल्या केचुआ भाषेत पाचा म्हणजे धरती आणि मांका म्हणजे मडकं. इथे जमीनच मडकं आहे, तीच काढून टाकली तर राहिलं काय?

दोन वर्षांपूर्वी पेरूतल्या वांकायोजवळच्या एका गावात मी ती खड्ड्यातून निघताना पाहिली. आधी दगड लालभडक तापवतात. ओल धरणारा दगड घेत नाहीत, तो तापला की फुटतो. तळाशी बटाटे आणि रताळी, मध्ये दगड, त्यावर वाकाताय (झेंडूच्या कुळातला, उग्र वासाचा पाला) आणि आही पांका मिरचीच्या वाटणात मुरवलेलं मांस, सगळ्यात वर उमिता आणि जाड शेंगा. मग पाला, ओली फडकी आणि माती. कुठून वाफ निसटताना दिसली की बायका धावत जाऊन तिथे ओंजळभर माती टाकायच्या. त्याआधी पाचामामाला, म्हणजे धरतीमातेला, कोकाची पानं वाहिली होती. उघडल्यावर जो वास सुटला, तो पॅटरसनच्या ताटाला नव्हता. पेरू सरकारने २००३ मध्ये हिला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा ठरवलं, ते काय पातेल्यासाठी?

पाटावरवंटा:
ताई, अजिबात पटलं नाही. मी सहा वर्षं लिमात होतो. १९८०च्या दशकात हिंसाचाराला कंटाळून आयाकुचो, वांकावेलिकाची कितीतरी कुटुंबं डोंगर सोडून लिमात आली. गावही गेलं आणि अंगणही. ती माणसं खड्डा कुठे खणणार होती? आमच्या घरमालकीणबाई त्यांतल्याच. त्या पातेल्याच्या तळाशी मक्याच्या कणसाची सालं अंथरायच्या, पाण्याचा थेंबही घालायच्या नाहीत, वरून पुन्हा सालं आणि घट्ट झाकण, मंद आच. मांसाला सुटलेल्या रसात बटाटा शिजायचा. याला तिथे 'पाचामांका आ ला ओया', म्हणजे पातेल्यातली पाचामांका, असं राजरोस नाव आहे. मेनूत ते पूर्ण लिहायला हवं होतं, एवढं मान्य. पण त्या बाईंना "तुमची पाचामांका नाही" असं माझ्या तोंडून निघणार नाही.

वालपापडी:
त्यांच्या घरातल्या जेवणाबद्दल माझी तक्रार नाही, हॉटेलाबद्दल आहे. मी अलिबागची. आमची पोपटी मडक्यात, पालापाचोळ्याच्या जाळावर होते. कुकरमध्ये वालाच्या शेंगा आणि भांबुर्डा (वासाचा रानपाला) घालून तीन शिट्ट्या काढल्या तर पोपटी म्हणाल का?

मिठागर:
कुकरचं सोडा. पण आमच्या आत्या बोरिवलीत मडकंच गॅसवर चढवतात. भांबुर्डा पेणहून कुणी ना कुणी आणतं. पालापाचोळ्याचा जाळ नाही, धुराचा वास नाही, हे त्याही मान्य करतात. तरी आमच्या घरात ती पोपटीच, आणि आत्यांच्या देखत दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही.

भाकरतुकडा:
मी पुण्यात शाकाहारी केली. वाकाताय मिळाला नाही, म्हणून पुदिना, कोथिंबीर आणि थोडी तुळस वाटली. बटाटा, रताळं, वालपापडी, मक्याचा कीस सालात बांधून. छान लागलं, पण मी घरच्यांना "पाचामांकेसारखं काहीतरी" एवढंच सांगितलं. माझ्या मते नाव दगडांमुळे जात नाही, वाकातायमुळे जातं.

पाटावरवंटा:
बरोबर. पॅटरसनच्या दुकानांत वाकातायचं वाटण बाटलीत मिळतं. ताई, एकदा ते घालून घरी करून बघा, मग बोला.

वालपापडी:
करते. पण दगडाची धग आणि मातीचा वास बाटलीत मिळत नाही, हे करायच्या आधीच सांगते.

सातगावपठार:
आमच्याकडे आंबेगाव तालुक्यात बटाटाच पिकतो. कुठेतरी वाचलं की पेरूत बटाट्याच्या काढणीला शेतातच ढेकळांची भट्टी लावतात. त्यात मांस नाही, मसाला नाही. ते खरं का? बटाटे जाळावर ठेवायचे की नंतर?

पाटावरवंटा:
खरं आहे दादा. तिला वातिया म्हणतात, कुस्कोकडे फार. वाळलेली ढेकळं घुमटासारखी रचायची, एका बाजूला तोंड ठेवायचं. आत जाळ घालून ढेकळं लाल होईपर्यंत तापवायची. मग निखारे बाहेर ओढायचे, बटाटे सालासकट आत टाकायचे आणि घुमट त्यांच्यावरच पाडून वर माती ओढायची. लहान बटाटे अर्ध्या-पाऊण तासात होतात. सोबत त्यांची मिरचीची चटणी, तीसुद्धा दगडावर वाटलेली.

सातगावपठार:
आमची काढणी पावसाच्या शेवटाला, ढेकळं ओली असतात. आठवडाभर उन्हात टाकून बघतो. ताई, दिवाळीत गावी येणार असाल तर या, माती भरपूर आहे.

वालपापडी:
येते. बाटली घेऊन येते.