मदत हवी आहे: मरियाना गर्तेतले नायट्रोजन-जीवाणू दाब कसा सोसतात?

समुद्रशेवाळ: परवा सेमिनार आहे. चॅलेंजर डीप (मरियाना गर्तेचा सगळ्यात खोल भाग) जवळपास ११ किमी खोल, हजार वातावरणांहून जास्त दाब, त्यात गोठवणारी थंडी. तरीही तिथे नायट्रोजनचक्र चालतं, म्हणजे सूक्ष्मजीव नायट्रोजनची संयुगं एकातून दुसऱ्यात बदलत राहतात. हे जीव जुळवून कसं घेतात? प्रत्येक पेपरात वेगळंच दिलंय. प्लीज लवकर सांगा.

खाडीकाठ: पाण्यातले की गाळातले?

पेट्रीडिश: आणि नायट्रोजनचक्रातली कोणती पायरी? अमोनियापासून नायट्राइट करणारे तिथे मुख्यतः थॉमार्किओटा, ते जीवाणू नाहीतच, आर्किया (जीवाणूंसारखेच एकपेशी, पण वेगळ्या गटातले) आहेत. नायट्राइटचं नायट्रेट करणारा नायट्रोस्पायना मात्र जीवाणू.

दोनापावलाकर: एवढ्या लांब कशाला जाता? आपल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात जबरदस्त विनायट्रीकरण (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होणं) चालतं. तोच विषय घ्या.

पेट्रीडिश: तिथे ऑक्सिजनची टंचाई आहे. गर्तेच्या पाण्यात तळापर्यंत ऑक्सिजन असतो. दोन्हींची गल्लत नको.

दोनापावलाकर: गाळात संपतोच की! दक्षिण अमेरिकेजवळच्या अटाकामा गर्तेच्या गाळात अनॅमॉक्स (ऑक्सिजनशिवाय अमोनियाचा नायट्रोजन वायू करणं) सापडलंय.

समुद्रशेवाळ: पाण्यातलेच, अमोनियावाले. गाळ नको.

हिरवं_शिवार: तुरीच्या बियाण्याला रायझोबियम चोळा, पेरणी सावलीत वाळवून करा. नायट्रोजनचा प्रश्न मिटतो.

खोलपाणी: दाबाने पेशीपटल कडक होतं. फोटोबॅक्टेरियम प्रोफंडमसारखे जीवाणू असंपृक्त मेदाम्लं वाढवून ते लवचीक ठेवतात. आर्कियाच्या पटलातले लिपिड (मेद) ईथर-बंधांचे, त्यांत मेदाम्लं नसतात, त्यामुळे हे उत्तर थॉमार्किओटांना चिकटवू नका, सर नेमकं तिथेच अडवतील. त्यांच्याबाबतीत एटीपीएझ (पेशीपटलातून प्रोटॉन ने-आण करणारं विकर) बघा: उथळ पाण्यातल्यांकडे ए-प्रकारचं, खोल गर्तेतल्यांकडे व्ही-प्रकारचं. आम्लधर्मी मातीतल्या त्यांच्या भाऊबंदांकडेही व्ही-प्रकारच आहे. दाबात किंवा आम्लात पेशीत साचणारे प्रोटॉन बाहेर ढकलायला तो कामी येतो, असं मानतात.

खाडीकाठ: सगळे दाबाच्याच मागे! अमोनिया येतो कुठून ते सांगा. गर्ता व्ही आकाराची, उतारावरचा गाळ घसरून तळाशी साचतो, त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजून अमोनिया सुटतो. २०१३ ला प्रसिद्ध झालेल्या मोजणीत चॅलेंजर डीपच्या तळाशी ऑक्सिजनचा खप जवळच्या ६ किमी खोल सपाटीपेक्षा जास्त निघाला. खाणं आहे म्हणून जीव आहेत.

खोलपाणी: तो खप गाळातला आहे, त्यांना पाण्यातलं हवंय.

समुद्रशेवाळ: व्ही-प्रकार दाबासाठीच आहे, हे सिद्ध झालंय का?

खोलपाणी: पुरावा मुख्यतः जनुकांच्या तुलनेतून आलाय. स्लाइडवर 'अनुमान' असं स्पष्ट लिहा. तुमचे नमुने किती खोलीचे?