अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ : आवरता येते, की खाणच बंद करावी?

चाकबंद :
अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, तंतू श्वासातून गेले की कर्करोग होऊ शकतो. म्हणून त्याचा विषय निघाला की 'बंदी घाला' यापलीकडे कुणी बोलतच नाही. धूळ आवरायचं तंत्र आहे की! खाणीत पाणी सोडत ड्रिल चालवायचं. क्रशर, चाळण्या बंदिस्त करून आतला हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे फट राहिली तरी हवा आत ओढली जाते. ती हवा बॅग फिल्टरमधून, म्हणजे कापडी पिशव्यांच्या गाळणीतून, गाळून सोडायची. अमेरिकेतल्या कारखान्यांत १९७२ साली हवेच्या घनसेंटीमीटरमागे ५ तंतूंची मर्यादा होती, १९९४ पासून ती ०.१ आहे. मग बंदी कशाला?

रानवारा :
ड्रिलिंगचं मान्य. पण गिरणीत पाणी कुठे मारणार? तिथे खनिज आधी वाळवतात, फोडतात आणि सुटलेले तंतू चाळणीवरून हवेनेच ओढून घेतात. कोळशाच्या खाणीत धूळ हा कचरा असतो, इथे धूळ हाच माल! मर्यादेचं म्हणाल तर नेहमीच्या मोजणीत ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब तंतूच धरतात, आणि अगदी बारीक तंतू त्या मायक्रोस्कोपला दिसतही नाहीत. ०.१ म्हणजे जेवढे दिसले तेवढे.

चाकबंद :
माल आहे म्हणूनच मालक तो उडू देणार नाही. फिल्टरमध्ये अडकलेला तंतू विकता येतो.

जुनाट :
मालकाच्या हिशेबात आजार येतच नाही हो. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, उमटायला वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर खाण बंद आणि मालक पसार. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांची नोंद छापली. त्यांतले बरेच जण कधी खाणीत कामालाच नव्हते, नुसते आसपास राहायचे. त्यांना कुठला बॅग फिल्टर लावणार होता?

चाकबंद :
ते निळ्या प्रकारचं अ‍ॅस्बेस्टॉस होतं. पांढरा प्रकार त्यामानाने सौम्य. आणि तेव्हा नियंत्रण होतं कुठे?

रानवारा :
आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यालाही कर्करोगकारकच म्हणते. नियंत्रणाचं बोलायचं तर ब्राझीलने १९९५ साली पांढऱ्याच्या नियंत्रित वापराचा कायदा केला होता. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच बंदी घातली.

चाकबंद :
अर्धंच सांगितलंत. ब्राझीलच्याच गोयास राज्याने २०१९ साली कायदा करून निर्यातीसाठी उत्खननाला परवानगी दिली.

रानवारा :
म्हणजे घरात नको, शेजाऱ्याला चालेल. शाब्बास!

हातमोजा :
बंदी हवी, माझं मत स्पष्ट आहे. पण ती आली तरी टाकाऊ खड्यांचे ढीग उरतात, वाऱ्यावर तंतू उडत राहतात. ते ओले ठेवणं, मातीने झाकणं चुकत नाही. सगळ्यात वाईट वेळ फिल्टरच्या पिशव्या बदलण्याची. तेव्हा धूळ अंगावर येते, आणि ते काम बहुतेकदा कंत्राटी माणसाच्या गळ्यात पडतं. कपडे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकायचे नाहीत, कोरडा झाडू नाही, कामाचे कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. चाकबंद, तुमच्या त्या बंदिस्त गिरणीत पिशव्या कोण बदलतं, आणि कशाने तोंड झाकून?

चाकबंद :
प्रशिक्षित माणूस, पूर्ण चेहऱ्याचा रेस्पिरेटर लावून.

हातमोजा :
दर पाळीला? उन्हाळ्यातसुद्धा?