मदत हवी आहे: रॅम चांगली, पण एकाच स्लॉटमध्ये एरर

मालवणातल्या दुकानाचा बिलिंगचा पीसी. एच५१० मदरबोर्ड (रॅमचे दोनच स्लॉट, ए आणि बी), आय३-१०१०५ प्रोसेसर, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन कांड्या, २६६६ च्या वेगावर, १.२ व्होल्ट, एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवायची सेटिंग) बंद. दिवसातून दोन-तीनदा निळा स्क्रीन.

मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायचा प्रोग्राम) चे निकाल: कुठलीही कांडी एकटी ए स्लॉटमध्ये लावली तर चार पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) स्वच्छ. तीच बी मध्ये लावली की पहिल्याच पासात एरर. पत्ते बदलतात, चुकणारा बिट मात्र नेहमी १० नंबरचा. २१३३ वर आणून एरर कमी झाले, गेले नाहीत. म्हणजे कांड्या निर्दोष, बी स्लॉट ते प्रोसेसर यांमधली एखादी डेटा लाइन (एकेक बिट नेणारी तार) कच्ची.

कांड्यांचे सोनेरी पाय खोडरबराने पुसले. बी स्लॉटच्या तीन-चार पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर होता (खारी हवा, दुसरं काय!). आयसोप्रोपिलने दोनदा ब्रश मारून रात्रभर वाळवला, फरक शून्य. कूलर सैल करून पुन्हा बसवला, प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना भिंगाखाली सरळ दिसतात. बायोस ताजा आहे.

बदलून पाहायला सुटा प्रोसेसर मिळत नाही, आणि बोर्ड दुरुस्तीला कोल्हापूरला पाठवला तर बिलिंग बंद. मल्टिमीटर आहे.

प्रोसेसर बसवलेला ठेवून, वीज काढून, मल्टिमीटरच्या डायोड मोडवर दोन्ही स्लॉटच्या डेटा पिना (डीक्यू नावाच्या) ताडून पाहायचा विचार आहे. बोर्डवर लाइनी बाइटच्या (आठ लाइनींच्या गटाच्या) आत अदलाबदल केलेल्या असू शकतात, म्हणून १० नंबरचा बिट ज्या गटात येतो त्या डीक्यू८ ते डीक्यू१५ सगळ्याच मोजेन. बी मधली एखादी पिन 'ओपन' (जोडणी तुटलेली) आली तर दोष प्रोसेसरच्या सॉकेटकडे, आणि सगळी रीडिंग सारखी आली तर स्लॉटची पकड ढिली, असं धरणं बरोबर आहे का?