मदत हवी आहे: चॅम्पियन हिलची जुनी खेळपट्टी नेमकी कुठे होती?

मंडळी, दक्षिण लंडनच्या डलिच हॅम्लेट या फुटबॉल क्लबच्या चॅम्पियन हिल मैदानाबद्दल विचारायचंय. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ असं हरवलं, ते इथेच. १९३३च्या एका अंतिम सामन्याला तर २०,७४४ प्रेक्षक होते! १९३१चं ते स्टेडियम पाडून १९९२ला लहान मैदान झालं, काही जागेवर सुपरमार्केट आलं.

गुलाबी-निळे मफलर घातलेल्या दोन जुन्या चाहत्यांना विचारलं. एकाने सुपरमार्केटच्या पार्किंगकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने आजच्या गोलपोस्टकडे. लायब्ररीतला नकाशा १९३१च्या आधीचा निघाला. नोकरीमुळे शनिवारीच वेळ मिळतो, त्यामुळे घरबसल्या पाहता येईल असंच हवं.

१९३१ ते १९९० दरम्यानचे हवाई फोटो किंवा मोठ्या प्रमाणावरचे नकाशे ऑनलाइन, फुकट कुठे मिळतील?