मदत हवी आहे : आधारवर वय कमी, काकूंचा श्रावणबाळचा अर्ज अडकलाय

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या आमच्या थोरल्या काकूंसाठी विचारतोय. घरच्या कुणासाठी हे काम करून घेतलेल्यांनी किंवा तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत काम केलेल्यांनी कृपया सांगा.

काका-काकूंची हयात ऊसतोडीत गेली. काका आता नाहीत. मुलगा-सून दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. तोवर घरात काकू आणि दोन नातवंडं. श्रावणबाळ या राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनेचे महिना 1500 सुरू झाले तर किराणा आणि बीपीच्या गोळ्यांसाठी त्यांना कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

योजनेला वय 65 लागतं. आधारवर जन्मतारीख आहे 1 जानेवारी 1964. गावात शिबिर झालं तेव्हा काकूंकडे कागद नव्हता, ऑपरेटरने अंदाजाने तारीख टाकली. आता सेतूवाला म्हणतो, आधारवर वय बसत नाही, अर्ज भरता येणार नाही. पण त्यांच्या थोरल्या मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मसाल 1971 आहे! आधार खरं मानलं तर काकू सातव्या वर्षी आई झाल्या. बहात्तरच्या दुष्काळात याच लेकीला झोळीत टाकून त्या खडी फोडायला जायच्या, हे त्यांच्या बरोबरीच्या बाया आजही सांगतात.

योजनेच्या नियमांत वयासाठी रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला चालतो. मग आधारवर वेगळी तारीख असताना यातल्या कशावर कुणाचा अर्ज मंजूर झालाय का? की आधी आधारच दुरुस्त करावं? तिथे जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे कच्चा कागद लावून ती संधी घालवायची नाही. लेकीचा दाखला पुरावा म्हणून कुणी लावलाय का?

दुसरा पेच उत्पन्नाचा. मर्यादा वर्षाला 21,000, म्हणजे महिन्याला 1750. अनुदान 600 चं 1000 आणि 2023 मध्ये 1500 झालं, ही मर्यादा मात्र होती तिथेच आहे. रेशनकार्ड एकत्र म्हणून तलाठी मुलाची कमाई धरणार म्हणतात. मुलगा तोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतो, ती हंगामभर अंगमेहनतीने फेडायची असते. हातात आलेली उचल हे कर्ज आहे, तिला उत्पन्न कसं म्हणायचं? कुणी तलाठ्याला हे लेखी पटवून दिलंय का? रेशनकार्ड विभक्त करा असा सल्ला सगळे देतात. पण पेन्शनसाठी आईला लेकाच्या कार्डावरून काढायला लावणं मला अन्यायाचं वाटतं, दुसरी वाट असेल तर तीच हवी. आंध्रात साठीनंतर महिना 4000 मिळतात, तेही एक तारखेच्या सुमारास घरपोच. आपल्याकडे सत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं वय सिद्ध करायला एवढं फिरावं लागतं, याचा फार त्रास होतो.

एजंट पैसे मागतोय. ते द्यायचे नाहीत आणि खोटा दाखलाही काढायचा नाही. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन माहीत आहे, तिथून अशा कामात प्रत्यक्ष मदत झाली असेल तर तेही लिहा. पुढच्या आठवड्यात मी गावी जातोय. रुग्णालयात आधी न्यावं की तहसीलला, एवढं कळलं तरी काकूंची एक खेप वाचेल.